राखण आणि शिकार

माणसाला पडणारे बहुतेक प्रश्न दोन जातींचे असतात. ‘हे कसे करावे?’ हा एक, आणि ‘हे करावे काय?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे देणारी माणसे पैशाला पासरी भेटतात, आणि ती उत्तरेही मोठ्या उत्साहाने देतात. दुसरा प्रश्न निघाला की ओटीवरची मंडळी पान लावू लागतात. नीतीचा विचार हा पंडितांचा प्रांत आणि कसबाचा विचार आपला, अशी वाटणी आपण कधी करून घेतली कोण जाणे! ही वाटणी खरी आहे काय, याचा विचार मला एका अनपेक्षित ठिकाणी करावा लागला. ते ठिकाण म्हणजे बंदूकवाल्यांची बैठक.

माझ्याजवळ बंदूक नाही. मी शाळामास्तर, आणि खेड्यातला मास्तर कादंबऱ्या लिहीत असला, तरी गावाच्या दृष्टीने तो अर्जच लिहीत असतो. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो. पूर्वी तीन वर्षांनी लागे, 2019 च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांनी लागतो. तेव्हा पेण आणि रोहे तालुक्यांतले असे अर्जदार माझ्या ओटीवर येतात, अर्जाचे काम दहा मिनिटांत आटोपते, आणि मग दोन तास गप्पा चालतात. त्या गप्पांत राजकारण क्वचित, भाऊबंदकी त्याहून क्वचित; सारे बोलणे बंदुकीचे आणि रानाचे.

ठासणीच्या बंदुकीत बारासाठी काथ्या ठासावा की चिंधी, याविषयी दोन पक्ष आहेत आणि त्यांची दिलजमाई होण्याचा संभव दिसत नाही. पावसाळ्यात नळीला गंज चढतो. त्यावर एक म्हणतो खोबरेल लाव. दुसरा म्हणतो, खोबरेल थंडीत थिजते, शिवणयंत्राचे तेल बरे. दारू चुलीजवळ सुकवू नये. टोपी ओलावली तर घोडा नुसता टक्‌ करतो आणि डुक्कर तेवढ्यानेच सावध होते. माचावर बसताना वारा तोंडावर घ्यावा, पाठीवर घेऊ नये. मग गोष्ट बंदुकीवरून कुंपणावर जाते. जुनी लुगडी-साड्या बांधाभोवती ताणल्या तर आठ दिवस डुकरे बिचकतात, नवव्या दिवशी त्यांना साडी ओळखीची होते. सौर बॅटरीवरचा झटका चांगला. पण त्याखालचे गवत सतत बेणले पाहिजे, नाहीतर झटका जमिनीत जातो. आणि कुणी घरची वीज तारेत सोडण्याची गोष्ट काढली, तर सारेच त्याला गप्प करतात. कारण त्या तारेला डुक्कर आणि पहाटे शेतावर निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही.

हे सारे ऐकताना मला प्रथम असे वाटे की, हा शुद्ध कसबाचा व्यवहार आहे. यात धर्माधर्माला जागा नाही. पुढे लक्षात आले की, जागा आहे. परंतु ती पाहण्यापूर्वी या बंदुकीची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे.

1878 साली लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला आणि सर्वसामान्य हिंदी माणसाच्या हातून शस्त्र गेले. दुसऱ्याच वर्षी, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी बंड पुकारले. त्यांचे जन्मगाव शिरढोण हे पनवेलहून पेणला येणाऱ्या रस्त्यावरच आहे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही या निःशस्त्रीकरणाची गणना इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. स्वराज्य आल्यावर 1959 चा कायदा आला. त्यात एक कलम मोठे बोलके आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. दिल्लीच्या विधिमंडळाला आमच्या डोंगरकडेच्या शेतकऱ्याची आठवण झाली होती, असा त्याचा अर्थ. नंतर 1972 साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि ज्या जनावरासाठी बंदूक दिली तेच जनावर, अधिकाऱ्याच्या अनुज्ञेवाचून, मारणे गुन्हा ठरले. म्हणजे एका सरकारी कागदाने हात मोकळा केला आणि दुसऱ्याने तो धरला. पुष्कळांना ही विसंगती वाटते. मला मात्र वाटते की, ही विसंगती कायद्यात येण्यापूर्वी माणसाच्या मनात होती. कायद्याने ती फक्त लिहून काढली.

कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. भाताला दाणा भरला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत लोळवतो. खातो थोडे, नासतो फार. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात. हिवाळ्यात पोपटी लावून मिटक्या मारणाऱ्या पाहुण्याला हे ठाऊक नसते की, त्या शेंगांसाठी कुणीतरी महिनाभर उघड्यावर रात्री काढलेल्या असतात. वरकस जमिनीवरची नाचणी-वरी तर कित्येकांनी राखण परवडत नाही म्हणून सोडूनच दिली. 2024 च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. निवडणूक आली की बंदुका चौकीत जमा करण्याची पाळी येते, आणि ते दिवस नेमके भात पिकण्याचे! लोकशाहीच्या राखणीसाठी शेताची राखण सोडावी लागते, असे एक अर्जदार हसत म्हणाला. पण त्याचे डोळे हसत नव्हते.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. डुक्कर काही आमचा द्वेष करीत नाही. त्याची पाणवठ्याची वाट महामार्गाने तोडली, त्याच्या उतारावर बंगल्यांची भिंत आली, आणि त्याच्यावर जगणारा बिबट्या विरळ झाला, यांतले काहीच त्याने केलेले नाही. शिवाय आमच्या रानाने शिकारीची हौसही पाहिली आहे. मुरुड-रोह्याच्या सीमेवरचे फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते. 1986 साली ते अभयारण्य झाले. ज्या झाडीत केवळ करमणुकीसाठी बार निघत, तिथे आज बंदूक नेणेही गुन्हा आहे. एका शतकाच्या आत माणसाची हौस अपराध ठरू शकते, हा इतिहासाचा धडा लहान नाही.

मग शेतकऱ्याने काय करावे? शहरातल्या भूतदयावाद्याचे उत्तर तयार असते, कारण त्याला फक्त उत्तरच द्यायचे असते. भात त्याला दुकानातून मिळतो. या बाबतीत गांधीजी कितीतरी प्रामाणिक होते. 1946 साली ‘हरिजन’मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांविषयी लिहिताना त्यांनी सांगितले की, माणसाचे अन्न खाणाऱ्या प्राण्याचा जीव वाचवण्याची सक्ती आपली अहिंसा करीत नाही. त्यावर पुष्कळ जण दुखावले. परंतु जो अन्न खातो तो त्या अन्नासाठी झालेल्या हिंसेचा वाटेकरी असतो, हे नाकारण्यापेक्षा मान्य करणे हेच अधिक अहिंसक नव्हे काय?

येथपर्यंत मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे. आता त्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो. समजा, रात्री चाहूल लागली, तू बार भरलास, आणि तेवढ्यात तुझ्या खोकल्याने कळप उधळून बांधापलीकडे पळाला. एक ओंबीही गेली नाही. त्या क्षणी तुला बरे वाटले की वाईट वाटले? बरे वाटले असेल तर तू राखण करीत होतास. चुटपुट लागली असेल तर तू शिकार करीत होतास, परवान्यावर काही लिहिलेले असो. हातातली बंदूक तीच, रात्र तीच, जनावर तेच. फरक फक्त मनात आहे; आणि तिथे तलाठ्याचा पंचनामा पोचत नाही.

हा प्रश्न मी एकदा बैठकीत विचारला. थोडा वेळ कुणी बोलेना. मग एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचा परवाना वडिलांपासून चालत आला आहे, म्हणाले, “गुरुजी, दोन्ही वाटतं. पहिल्यांदा वाईट वाटतं, मग घरी आल्यावर बरं वाटतं.” या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथांत माणूस एक तर चांगला हेतू बाळगतो किंवा वाईट. प्रत्यक्षात दोन्ही हेतू एकाच माचावर घोंगडी पांघरून बसलेले असतात, आणि आधी कोण उठेल हे सांगता येत नाही.

म्हणूनच मला आता त्या कसबाच्या बोलण्याचे मोल कळू लागले आहे. हेतूवर भरवसा ठेवता येत नाही, हे या माणसांनी ग्रंथ न वाचता ओळखले आहे. आणि म्हणून त्यांनी आपली नीती हेतूत न ठेवता सवयीत ठेवली आहे. जरा त्यांचे नियम ऐका. पहिला बार वर, आभाळाकडे. माचावर चढताना बंदूक रिकामी. उंबऱ्याच्या आत भरलेली बंदूक आणायची नाही, मग बाहेर पाऊस असो. झुडूप हलले म्हणून चाप ओढायचा नाही. कान, सोंड, पाय, काहीतरी डोळ्यांनी दिसले पाहिजे. जखमी जनावर रात्रभर रानात सोडायचे नाही. पोटात थेंब असेल तर बंदूक खुंटीवर. यांतला प्रत्येक नियम ‘कसे करावे’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितला जातो; परंतु प्रत्येकाच्या पोटात ‘करावे काय’ हा प्रश्न दडलेला आहे. जर्मनीत शिकारीचा परवाना हवा असेल तर लेखी-तोंडी परीक्षा आणि नेमबाजीची कसोटी उतरावी लागते. आमच्याकडेही 2016 च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाची अट घातली. पण आमच्या डोंगरकडेला ही शाळा पिढ्यान्‌पिढ्या ओटीवर भरत आली आहे.

ती शाळा सुटली की काय होते, तेही पाहिले पाहिजे. 2025 च्या आरंभी पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या रानातली बातमी वृत्तपत्रांत आली. डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाला सोबत्यांनीच डुक्कर समजून गोळी घातली, आणि पुढे भीतीपोटी त्याचे प्रेत लपवले, अशी ती हकीकत होती. कोकणपट्टीला अशा बातम्या नव्या नाहीत. ‘दिसल्यावाचून चाप ओढू नये’ हा नियम त्या सर्वांनी कधी ना कधी ऐकलेला असणार. मग तो त्या रात्री कुठे गेला? मला वाटते, राखण करणारा वाट पाहू शकतो, कारण जनावर आले नाही तरी त्याचे काम झालेले असते. शिकाऱ्याला वाट पाहणे जड जाते. रिकाम्या हाताने परतणे ही त्याची हार असते. म्हणून हलणाऱ्या झुडपात त्याला हवे ते दिसते. हाव ही केवळ मनाला मळवीत नाही, ती डोळ्यालाही मळवते.

एवढे सांगून थांबलो असतो तर बैठकीतल्या मंडळींना माझा लेख फार आवडला असता. परंतु एक गोष्ट तिथे कधीच बोलली जात नाही, ती लिहिली पाहिजे. बंदूक सातबाऱ्यामागून चालते. ज्याच्या नावावर जमीन, त्याला संरक्षणाचा परवाना. पण रानाला सर्वांत लगटून असलेली शेती कुणाची? दळीवर नाचणी पिकवणाऱ्या कातकऱ्याची आणि ठाकराची. कितीकांचा दळीचा हक्कच पिढ्यान्‌पिढ्या कागदावर आला नाही. सखलातल्या शेतातून बार काढून हाकललेले डुक्कर रात्री वर चढते आणि ज्याच्याजवळ डबा आणि गोफण एवढेच हत्यार, त्याच्या खाचरात शिरते. आमची राखण कित्येकदा दुसऱ्याच्या नासाडीचे दुसरे नाव असते. काथ्या की चिंधी यावर तासभर भांडणाऱ्या मंडळींना हे ठाऊक नाही असे नाही. पण ‘कसे’ या प्रश्नाची गोडी अशी आहे की, तो माणसाला आपल्या बांधाच्या आत सुखाने गुंतवून ठेवतो. साड्यांचे कुंपण, सौर झटका, आळीपाळीची राखण ही साधने सबंध डोंगराने मिळून योजली तर बंदुकीचे निम्मे काम उरणार नाही. तो सल्ला मात्र एकट्याने अमलात आणता येत नाही, म्हणून तो कुणी कुणाला देत नाही.

रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते तेव्हा पोलीस त्यांना सशस्त्र मानवंदना देतात. गावची राखण करणारा देव आणि राज्याची राखण करणारी बंदूक तिथे समोरासमोर येतात. त्या वेळी बंदूक कुणावरही रोखलेली नसते, आणि तरीही तिचा दरारा तसूभर कमी होत नाही. पाहणारा माणूस आपोआप हात जोडतो. शेतावरच्या बंदुकीलाही असाच मान असावा असे मला वाटते. तिचा आवाज डोंगरभर जावा, आणि सकाळी बांधावर रक्त नसावे.

असे दर वेळी घडणार नाही हे मी जाणतो. डुकरालाही पोट आहे आणि शेतकऱ्यालाही. एखाद्या रात्री मारावे लागेल. पण मारावे लागणे आणि मारायला मिळणे यांत जे अंतर आहे ते ज्याने त्याने स्वतः मोजायचे आहे. अर्जात त्यासाठी रकाना नाही, नाहीतर अर्ज लिहिताना मी तो आधी भरून घेतला असता.