जुनी तुळई आणि जिवंत मंडळी

तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत एक कोरीव लाकडी चौकट आहे. ती त्याच गांवच्या उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाच्या दाराची. तिच्यापुढें उभें राहिलें म्हणजे मनांत प्रश्न येतो: जिच्यांतून आतां कोणी भक्तीस आंत जात नाहीं, ती चौकट राखून काय राखिलें?

आम्हां ख्रिस्ती लोकांसही हा प्रश्न चुकत नाहीं. नॉर्वे देशांतील गोल गांवीं सुमारें 1200 सालीं बांधलेलें लाकडी उपासनामंदिर होतें. एकोणिसाव्या शतकांत तें मंडळीस अपुरें पडूं लागलें, म्हणून नवें बांधून जुनें मोडावयाचें ठरलें. तेव्हां प्राचीन वास्तूंची काळजी वाहणाऱ्या एका संस्थेनें तें विकत घेतलें, राजा दुसरा ऑस्कर यानें खर्च सोसला, आणि 1884-85 च्या सुमारास तें आजच्या ओस्लोंत पुन्हां उभें राहिलें. तेथील खुल्या मैदानांतील संग्रहालयांत लोक आज तें पाहावयास जातात.

गोलकरांनीं पाप केलें काय? मला तसें वाटत नाहीं. मंडळी वाढली तर घर वाढविणें प्राप्तच आहे. शलमोनाचें गंधसरूच्या लाकडांचें मंदिर बाबेलच्या सैन्यानें जाळलें. तरी बंदिवासांत प्रार्थना थांबली नाहीं. लाकूड जळतें, भक्ति जळत नाहीं.

परंतु एवढ्यानें आमची सुटका होत नाहीं. मीं सेवा केलेल्या एका खेड्यांत धाब्याचें जुनें मंदिर उतरवून आम्हीं पक्कें बांधिलें, आणि सागवानी तुळया विकून टाकिल्या. एका म्हाताऱ्या बाईनें मला विचारिलें, "पाळकसाहेब, ती मधली तुळई माझ्या बापानें चौघांसंगें खांद्यावर आणिली होती. ती कोठें गेली?" मजजवळ पैशांचा हिशेब होता, उत्तर नव्हतें.

तेव्हां मला कळलें कीं, दोष मोडण्यांत नव्हता, न विचारण्यांत होता. लाकूड पवित्र नसेल, पण गरिबांचे श्रम ही आमच्या हातीं सोंपविलेली ठेव आहे. गोल गांवांतही पुढें विसाव्या शतकांत त्या जुन्या मंदिराची प्रतिकृति उभारण्यांत आली. नातवंडांस आजोबांचें घर आठवलेंच.

बांधवांनो, नवें मंदिर अवश्य बांधा. मात्र एक जुनी तुळई त्याच्या दारावर बसवा, आणि ती कोणीं आणिली हें मुलांस सांगा. संग्रहालयांतील चौकट पाहावयाची असते. आपल्या चौकटीखालून आंत जावयाचें असतें.