तवक्कुल आणि उतारावरचे घर



२०२१ साली ईदुल अज़हा २१ जुलैला झाली. दुसऱ्याच दिवशी चिपळूण पुरात बुडाले, आणि त्याच अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथे बौद्धवाडीवर डोंगर खचून १७ माणसे मृत्युमुखी पडली. शेजारच्या रायगड जिल्ह्यात तळिये येथे ८० हून अधिक बळी गेले. आपल्या घरांत तेव्हा कुरबानीचे गोश्त शिल्लक होते.

अशा वेळी ‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द सहज ओठी येतात. शब्द खरे आहेत. मात्र मृतांचे आप्त ते उच्चारतात तेव्हा तो सब्र असतो. डोंगर कापणारा उच्चारतो तेव्हा ती पळवाट असते. मृतांवर ईशकोप झाला असे कोणी म्हणू लागल्यास त्यालाही थांबवा. ढिगाऱ्याखाली दबून मरण पावणाऱ्या श्रद्धावंताला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शहीदांत गणले आहे, असे मरण पापाचा पुरावा कसे ठरेल?

आपली जमीन आपण ओळखतो. कित्येक ठिकाणी वर जांभा असतो, त्याखाली शेडी. जांभ्यातून पाणी झिरपते आणि शेडीपाशी येऊन अडते. वरचा थर जड होतो, खालचा निसरडा. अशा उताराचा पायथा घरासाठी वा रस्त्यासाठी उभा कापला, की वरचा भार पेलणारा आधारच जातो. दाट रानातही दरडी कोसळतात, हे मान्य. पण आपण काढून घेतलेल्या आधाराचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल. स्वतःच्या सातबाऱ्यावरची जमीन कापतानाही वरच्या घराचा हक्क त्यात गुंतलेला असतो. ते घर कोणत्या धर्माचे, हा प्रश्न शेजाऱ्याच्या हक्कात येत नाही.

मदीनेत एकदा आठवडाभर पाऊस कोसळला. लोकांनी विनविल्यावर प्रेषितांनी (स.) दुआ केली, ती पाऊस आपल्यावर न पडता सभोवार, टेकड्यांवर, दऱ्यांत आणि झाडांच्या मुळांशी पडावा अशी. टेकडी बोडकी करून आपण या दुआवर कोणत्या तोंडाने आमीन म्हणणार?

ह. उमर (र.) शामकडे निघाले असता सरग येथे त्यांना साथीची वार्ता कळली व त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. ह. अबू उबैदा (र.) यांनी विचारले, अल्लाहने ठरविलेल्या तकदीरीपासून पळता काय? उमर (र.) यांनी दाखला दिला तो दरीच्या दोन काठांचा : एक हिरवा, एक उजाड. उंट कोणत्याही काठावर चारले, तरी ते तकदीरीनेच. घर सोडून सुरक्षित जागी जाणे ईमानाच्या दुबळेपणाचे लक्षण मानणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा प्रसंग अवश्य ऐकवा.

पावसाळ्यापूर्वी उतारावरचे चर मोकळे करा, सांडपाणी कड्यात मुरू देऊ नका, नवे घर बांधण्याआधी जाणकाराला उतार दाखवा. जमिनीला भेग पडली, झाड वा विजेचा खांब कलला, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर सामान आवरत बसू नका. मुसळधार पावसाच्या रात्री घरीच नमाज़ अदा करा, अशी घोषणा प्रेषितांच्या (स.) काळी अज़ानबरोबर होत असे. मग मशिदीच्या भोंग्यावरून, तलाठ्याची सूचना येताच, वाडी सोडण्याची हाक देण्यास संकोच कशाला? ज्यांची घरे सपाटीवर आहेत, त्यांनी त्या रात्री दिवा लावून दार उघडे ठेवावे.