चुकण्याचा अधिकार

एखाद्या मताविरुद्ध पुरावा उभा राहिल्यावर ते मत किती काळ धरून ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचाही आहे. मत लवकर सोडले तर भित्रेपणाचा आरोप येतो, उशिरा सोडले तर हटवादाचा. आणि या दोहोंमधील सीमारेषा आधी आखून देणारा कोणी नसतो. विसाव्या शतकातील विश्वरचनाशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न एका सिद्धांताच्या निमित्ताने फार तीव्रपणे उपस्थित झाला. तो म्हणजे स्थिरस्थिती सिद्धांत.

१९४८ साली हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल या केंब्रिजच्या तिघा शास्त्रज्ञांनी तो मांडला. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे त्यांना मान्य होते. परंतु त्यावरून सारे विश्व कधीकाळी एका अतिघन, अतितप्त अवस्थेतून निघाले असे अनुमान काढणे त्यांना पटत नव्हते. दीर्घिका पांगत असता मोकळ्या होणाऱ्या अवकाशात नवे द्रव्य अत्यंत मंद गतीने निर्माण होत राहते; म्हणून विश्वाला आदी नाही, अंत नाही, आणि त्याचे सर्वसाधारण रूप सर्व काळी सारखेच असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गंमत अशी की, प्रतिपक्षाच्या कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली बीबीसीवरील एका भाषणात दिले. आपण त्यालाच महास्फोट म्हणतो.

या सिद्धांताचा मोठा गुण असा की, आपण कोठे मोडू शकतो हे त्याने आधीच सांगून ठेवले होते. दूरच्या वस्तूंचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ लागतो. म्हणून दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे होय. विश्व सर्व काळी सारखे असेल, तर दूरचे विश्वही जवळच्यासारखेच दिसले पाहिजे. मार्टिन राइल यांनी रेडिओ-स्रोतांची मोजदाद केली, तेव्हा क्षीण, म्हणजे बहुधा दूरचे, स्रोत अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. १९६५ साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी सर्व दिशांनी सारख्याच प्रमाणात येणारे सूक्ष्मतरंग प्रारण जाहीर केले. तप्त आरंभाची ती उरलेली ऊब आहे, हे स्पष्टीकरण बहुतेकांना पटले आणि पारडे फिरले.

येथून पुढे दोन वाटा फुटतात. डेनिस शियामा हे या सिद्धांताचे हिरिरीचे पुरस्कर्ते होते. क्वेसारांच्या मोजदादीचा निष्कर्ष विरुद्ध जातो असे दिसताच त्यांनी तो उघडपणे सोडला, आणि सोडताना झालेले दुःखही लपवले नाही. हॉइल यांनी तो सोडला नाही. १९९३ साली त्यांनी जेफ्री बर्बिज आणि आपले शिष्य जयंत नारळीकर यांच्यासह त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली. तीत विश्व दीर्घकाळात प्रसरण पावते, पण त्या ओघात त्याचे आकुंचन-प्रसरणही होत राहते. आणि अवकाशातील लोहाचे सूक्ष्म तंतू ताऱ्यांचा प्रकाश शोषून त्याचे सूक्ष्मतरंगांत रूपांतर करतात. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ही ठिगळे वाटली.

परंतु ठिगळ म्हणजे दोष, इतके सोपे हे नाही. युरेनसची कक्षा गणिताशी जुळेना, तेव्हा ल व्हेरिए यांनी एक अदृश्य ग्रह कल्पिला, आणि १८४६ साली नेपच्यून खरोखरच सापडला. बुधाची कक्षा जुळेना, तेव्हा त्यांनी तशीच कल्पना केली; पण तो ‘व्हल्कन’ कधीच सापडला नाही. तेथे नियमच बदलावा लागला, तो १९१५ साली आइन्स्टाइन यांनी बदलला. माणूस तोच, युक्तिवादही तोच. एकदा खरा ठरला, एकदा खोटा. आजचे सर्वमान्य विश्वचित्रही कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांच्या आधारावर उभे आहे, आणि त्यांचे स्वरूप अद्याप उलगडलेले नाही. तेव्हा ठिगळाची परीक्षा त्याच्या रूपावरून होत नाही. ते नव्या कसोटीला सामोरे जाते, की जुन्या कसोटीतून केवळ सुटका करून घेते, हे पाहावे लागते.

या निकषाचे महत्त्व दुसऱ्या एका प्रसंगी दिसून आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिष तपासले. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका एकत्र करून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे होते. सरासरी यश ४६ टक्के आले. नाणे उडवूनही ५० टक्क्यांची अपेक्षा असते. ज्यांनी आयुष्यभर अल्पमतात राहून शास्त्र केले, त्यांनीच ही कसोटी लावली, यात विसंगती नाही. बहुमताला नकार देण्याचा हक्क सर्वांना आहे. परीक्षेला नकार देण्याचा कोणालाही नाही. ‘गॅलिलिओलाही लोकांनी विरोध केला होता,’ असे म्हणणारे हे विसरतात की, विरोध झालेले सारेच गॅलिलिओ नसतात.

बहुमताचेही एक कर्तव्य असते. क्वेसार आणि जवळच्या दीर्घिका यांची ताम्रसृती भिन्न असूनही त्या परस्परांशी निगडित असाव्यात, असे हॅल्टन आर्प यांचे मत होते. त्या निरीक्षणांसाठी १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मोठ्या दुर्बिणीवर त्यांना वेळ नाकारण्यात आला, आणि ते जर्मनीत गेले. त्यांचे मत आज फारसे कोणी मानत नाही. दुर्बिणीच्या रात्री मोजक्या असतात, हेही खरे. तरीही चुकीचे मत पाहू न देणे आणि पाहून ते चुकीचे ठरवणे, यांत नैतिक अंतर आहे. पहिल्या मार्गाने मिळालेला विजय सत्याचा असला, तरी तो सिद्ध झालेला नसतो.

शियामा आणि हॉइल यांपैकी अधिक प्रामाणिक कोण? मला वाटते, हा निवाडा मत सोडण्या-न सोडण्यावर होऊ नये. शियामा यांनी पुराव्याची किंमत आपल्या आवडीने चुकती केली. हॉइल यांनी नकाराची किंमत कामाने चुकती केली. तप्त आरंभ नाकारणाऱ्याला मूलद्रव्ये कोठे घडली याचे उत्तर शोधणे अधिकच भाग होते. कार्बनच्या अणुकेंद्राची विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, हे त्यांचे १९५३ चे भाकीत प्रयोगाने खरे ठरले. आणि १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज आणि विल्यम फाउलर यांच्यासह त्यांनी जड मूलद्रव्यांची ताऱ्यांमधील घडण उलगडली. ते ज्ञान आज महास्फोटवादीही आपले म्हणूनच वापरतात.

हॉइल २००१ साली गेले, नारळीकर २०२५ साली. त्यांच्या विश्वाला आदी नव्हता. शास्त्राने मात्र आदी असलेले विश्व स्वीकारले, आणि आजचा पुरावा पाहता ते योग्यच झाले. पण चुकण्याचा अधिकार जन्मसिद्ध नसतो. तो मिळवावा लागतो. आपले मत कशाने खोटे ठरेल हे आधी सांगणे, आणि ते खोटे ठरले तर किती सोडावे लागेल याचा हिशेब जगासमोर उघडा ठेवणे, ही त्याची किंमत. ती देणारा माणूस हरला, तरी त्याने सत्याची वाट अडवलेली नसते.