निफाडचा पारा

थंडी पडली की नाशकात सकाळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "निफाड किती?" स्वतःच्या अंगणात किती गार आहे, हे कुणी विचारत नाही. ते अंगाला कळतंच. पण वर्तमानपत्रात निफाडचा पारा छापून आलेला असतो. सात अंश. सहा अंश. एखाद्या पहाटे त्याहूनही खाली. आकडा ऐकला की माणसं "अरे बापरे" म्हणतात आणि कामाला लागतात.

हा पारा मोजतात निफाडजवळच्या कुंदेवाडीला, गहू संशोधन केंद्रात. नाशिक शहरापासून ते तासाभराच्या वाटेवर आहे. तिथली थंडी आपल्या खिडकीशी येत नाही. तरी ती माहीत असावी लागते. दुसऱ्या गावच्या थंडीशी आपलं काय नातं, असं नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं. त्या नात्याचा उलगडा इथं राहून, हळूहळू होतो.

मी कोकणातली, रत्नागिरीकडची. लग्न झालं आणि घाटावर आले. परका मुलूख पाहायला प्रत्येकाला विमानात बसावं लागत नाही. कसारा घाट चढला तरी पुरतं. भाषा तीच असते, सण तेच असतात. आभाळ मात्र दुसरं असतं.

माहेरी आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसायचं. माडाच्या झावळ्यांतून थोडं, आंब्याच्या फांद्यांआडून थोडं. इथं ते एकसंध आहे. दिंडोरी रस्त्याला लागलं की रामशेजचा किल्ला दिसतो. चांदवडकडे निघालं की सातमाळ्याची रांग सोबत चालते. धोडपच्या कातळभिंतीतली खाच तर कितीतरी लांबून ओळखू येते. हे डोंगर माथ्याशी सपाट आणि अंगानं पायऱ्यापायऱ्यांचे. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वाहिला, थिजला, आणि त्यावर पुढचा थर आला. तांबड्या जांभ्यावर वाढलेल्या डोळ्यांना हा काळा दगड आधी रुक्षच वाटतो. पण सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडू द्यावं. प्रत्येक थर सुटा दिसतो. मग डोंगर नुसता उभा आहे असं वाटत नाही. तो एकावर एक रचला गेला, हे दिसतं.

दिशांचंही तसंच. कोकणात पाण्याला एकच दिशा ठाऊक असते. पऱ्ह्या असो की नदी, सगळं पश्चिमेला जातं. समुद्र तिकडे आहे, त्यात विचारण्यासारखं काय? इथं ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास. नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, पूर्वेची वाट धरते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकच्या त्याच डोंगरांत वैतरणाही उगम पावते. ती मात्र पश्चिमेला उतरते आणि लवकर समुद्राला भेटते. पाऊस एकच. थेंब कुठल्या उतारावर पडला, एवढाच फरक.

आणि पाऊस तरी सगळीकडे एकसारखा कुठे आहे? जुलैत मुंबईहून येताना ते डोळ्यांसमोर घडतं. कसाऱ्याला समोरची गाडी दिसत नाही. इगतपुरीला डोंगर ढगांत बुडालेले असतात. घोटीला भाताची खाचरं तुडुंब. वाडीवऱ्ह्याशी पाऊस विरळ होतो. विल्होळीला पोचेपर्यंत कधीकधी रस्ता कोरडासुद्धा असतो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशकात सातशेच्या आसपास. पुढे निफाड, सिन्नरकडे त्याहून कमी. ढग सह्याद्री चढताना बहुतेक रिते होतात. उरलंसुरलं पुढे येतं.

मला या कमी पावसाची आधी कीव यायची. मग कळलं की याच्याच जिवावर इथल्या बागा उभ्या आहेत. द्राक्षाला पाणी मुळाशी हवं, डोक्यावर नको. पश्चिमेला पडलेला पाऊस गंगापूर, दारणा अशा धरणांत साठतो आणि तिथून पूर्वेच्या शेतांकडे जातो. वेलीच्या वरचं आभाळ तेवढं कोरडं राहावं लागतं. नाशिकच्या द्राक्षाची गोडी पडलेल्या पावसाइतकीच न पडलेल्या पावसाची आहे.

ही वेलसुद्धा इथली नव्हे. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ साली द्राक्षलागवड सुरू केली, ती या भागातली सुरुवात मानतात. पुढे घरोघरी पोचलेल्या 'थॉमसन' वाणाचं नाव तर कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसनचं. पण आज ओझर-पिंपळगावच्या रस्त्यानं जाताना ही वेल परकी आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही. ती इथल्या ऋतूंप्रमाणे वागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, दसऱ्याच्या आगेमागे गोड्या बहाराची छाटणी. इथल्या माणसांनीही आपलं वर्ष तिच्याभोवती बांधून घेतलं आहे. मुळं धरणं ही एकट्या वेलीची गोष्ट नसते. जमिनीलाही थोडं बदलावं लागतं.

माझे दीर निफाड तालुक्यात बाग सांभाळतात. नोव्हेंबरात एखाद्या सकाळी त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही. "वहिनी, तिकडं आभाळ आलंय का?" मी गॅलरीत जाते. पश्चिमेकडे, पांडवलेण्याच्या डोंगरामागे पाहते. कापसासारखे शुभ्र, सुटे ढग असले तर तसं सांगते. राखाडी, सलग पसरलेलं असलं तर तेही सांगते. मोबाइलवर हवामानाचा अंदाज त्यांनी आधीच पाहिलेला असतो. तरी घरच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना हवं असतं.

त्या दिवसांत वेल फुलोऱ्यात असते. ढगाळ हवा दोन दिवस टिकली की डावणी आणि भुरी या रोगांची धास्ती. पाऊस झाला तर फुलांची गळ, घडांची कूज. म्हणजे आभाळ निरभ्र असलेलं बरं, असं आपण म्हणावं. पण पुढे डिसेंबर-जानेवारीत निरभ्र आभाळाचीच भीती वाटते. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. रात्री ती नसली की दिवसाची ऊब वर निघून जाते आणि पहाटे पारा कोसळतो. मण्यांची फुगवण थांबते. हिरवे मणी गुलाबी पडू लागतात. 'पिंक बेरी' म्हणतात त्याला. असा माल परदेशी पाठवायचा तर अडचण येते. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, धूर केला जातो, विहिरीचं कोमट पाणी वेलींना सोडलं जातं. आभाळ आलं तरी धास्ती, गेलं तरी धास्ती.

घडांना पेपर लावणं हे त्या दिवसांतलं एक काम. बायका ओळीनं मांडवाखाली उभ्या राहतात. हात वर, मान वर. एकेका घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा आणि वर पक्का करायचा, मण्यांना धक्का न लावता. संध्याकाळी माना अवघडलेल्या असतात. मांडवाखालून चालताना डोक्याशी मथळे लोंबत असतात. सभा, अपघात, बाजारभाव, आणि कुठल्यातरी कागदावर निफाडचा पारा. ज्या थंडीची बातमी, तिच्यापासूनच राखण करायला तोच कागद.

त्याच बागेच्या बांधाला लागून गहू असतो. त्याला ही थंडी हवी असते. थंडी चांगली पडली की गव्हाला फुटवे भरपूर येतात. हरभराही खूश. कुंदेवाडीच्या केंद्रानं गव्हाचे जे वाण दिले, त्यांत एक 'त्र्यंबक' आहे, एक 'तपोवन', एक 'गोदावरी'. त्या केंद्रात पारा खाली गेला तर गव्हाच्या दृष्टीनं ती चांगलीच बातमी. बांधाच्या अलीकडे एक पीक थंडी मागतं, पलीकडे दुसरं ती टळावी म्हणतं. मालक एकच. सकाळी उठून त्यानं आभाळाकडे काय मागावं? मी दिरांना एकदा हे विचारलं. ते म्हणाले, "मागत नाही. बघतो फक्त." मग थोडं थांबून म्हणाले, "बघावं तर लागतंच."

आणि याच थंडीत, त्याच तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर पाहुणे उतरतात. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, त्याच्या खाली इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. गाळ साठला, पाणथळ झाली, पाणवनस्पती वाढल्या. माणसानं कालव्यांसाठी पाणी अडवलं. पक्ष्यांनी ते आपलं मानलं. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याची नोंद झाली. चापडगावच्या काठाशी सकाळी उभं राहिलं की चक्रवाक दिसतात, थापट्या दिसतात, तलवार बदकं दिसतात. हिमालय ओलांडून आलेल्यांना निफाडची थंडी म्हणजे ऊबच. पारा तोच. कुणाच्या अंगावर उतरतो, त्यावर त्याचं नाव ठरतं.

कधीकधी पांडवलेणी चढून जाते. तिथल्या लेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी असं येतं. सतरा क्रमांकाच्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. हे लेणं कोरवून घेणारा इंद्राग्निदत्त. धर्मदेवाचा मुलगा. यवन. उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा राहणारा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो या डोंगराशी आला. आईवडिलांसाठी म्हणून त्यानं लेणं दिलं. काय काय करवलं, हेही लेखात आहे. लेणं, आत चैत्य, आणि पोढ्या. पोढ्या म्हणजे पाण्याची टाकी.

मला त्या पोढ्यांपाशी थांबावंसं वाटतं. इथलं आभाळ त्याला कसं दिसलं, हे त्यानं लिहिलेलं नाही. सुंदर वाटलं की परकं, कळायला मार्ग नाही. पण इथं चार महिने पाणी वरून येतं आणि आठ महिने येत नाही, हे लेणं करवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचा हिशेब त्यांनी दगडात मांडला. इंद्राग्निदत्तानं नवा डोंगर कोरला, आणि जुनं गाव त्याच्यावर लिहून ठेवलं. एकासाठी दुसरं पुसावं लागलं नाही.

आभाळ आवडायला वेळ लागत नाही. गाडीच्या खिडकीतूनही ते आवडतं. प्रवासी फोटो काढतो आणि पुढे जातो. त्यात गैर काही नाही. पण मुलूख आपला होतो तो त्याच्या आभाळाचा धाक आपल्याला वाटू लागल्यावर. धाक म्हणजे भीतीच असं नाही. त्या ढगाखाली कुणाचं काय उघड्यावर आहे, याची जाण. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं बागा झोडपल्या. तेव्हापासून मार्चमधल्या संध्याकाळी वारा एकदम पडला आणि हवेला थंड वास आला की शहरातल्या सोसायटीतसुद्धा माणसं वर बघतात. त्यातल्या अनेकांचं आता गावाकडे काही उरलेलं नाही. मान तरीही वर होते.

परवा आईशी बोलत होते. रत्नागिरीला मळभ आहे म्हणाली. पूर्वी मी म्हटलं असतं, बरं झालं, ऊन तरी लागणार नाही. लहानपणी मळभ म्हणजे दिवसभर खेळायची मुभा. आजोबा अशा दिवशी पायरीवर गप्प बसायचे, एवढंच आठवतं. आंब्यावर तेव्हा मोहोर असायचा. मळभानं मोहोरावर तुडतुडे येतात, भुरी येते, हे मला निफाडच्या बागेनं शिकवलं. ज्या झाडांखाली मी वाढले त्यांनी नाही. ती कदाचित सांगतही असतील. तेव्हा वर बघायचं कारण नव्हतं.

आईला विचारलं, "मोहोर कसा आहे?" ती क्षणभर थांबली. मग तिनं एकेका झाडाचं सांगायला सुरुवात केली. परसातलं, विहिरीजवळचं, सड्यावरचं. बराच वेळ सांगत होती. एका आभाळाची काळजी करायला शिकलं, की दुसऱ्याची वेगळी शिकावी लागत नाही.