माळ आणि पालथे मडके



‘बुवा, तुम्ही मांसाहार का करीत नाही?’ असे कोणी विचारले की मी पुष्कळ वर्षे एकच उत्तर देत असे, ‘गळ्यात माळ आहे.’ उत्तर खरे, पण अपुरे. माळ नियम घालून देते. त्या नियमामागचे कारण ज्याचे त्याने आपल्या मनात शोधावे लागते.

माझे कारण माळेच्याही आधीचे आहे. आमच्या घरी मांस शिजत असे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना जत्रेसाठी पाळलेला बोकड ओढ्यावरून आणायला मला धाडले. तो परक्याच्या मागे येत नसे. माझ्या मागे मात्र दावे सैल असूनही आला, माझ्या हातचा पाला खात खात सुरीपर्यंत आला. त्या दिवशी मला घास उतरला नाही. पोरवय होते, पुढे पुन्हा खाल्लेही. पण आषाढीला पंढरीत माळ घातली, तेव्हा आधी आठवला तो बोकड. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला, त्याचा घात करून पोट भरायचे नाही, एवढेच माझे कारण.

पण माउली, पुढे माझी चूक झाली. माळ घातल्यावर थोरल्या बहिणीच्या घरी गेलो. तिच्या घरी मांस शिजे, म्हणून तिने चूल सारवून माझ्यासाठी नव्या मडक्यात भात रांधला होता. मी म्हणालो, ‘आक्का, तुझ्या घरचे पाणीही मला चालत नाही.’ ती काही बोलली नाही. मडके तिने कोनाड्यात पालथे घातले.

सजन कसायाची कथा मी कीर्तनात किती वेळा सांगितली! भक्तासाठी देव त्याच्या दुकानी मांस विकायला बसला. श्रोत्यांचे डोळे भरत, पण माझ्या डोळ्यांपुढे ते मडके आले ते फार उशिरा. देवाला कसायाच्या दुकानाचा विटाळ नाही, आणि मला बहिणीच्या चुलीचा! मुक्या जिवाची दया म्हणून जे सोडले, त्याचाच ताठा करून मी बोलत्या जिवाला दुखावले.

आक्का आता नाही. म्हणून तुम्हांला सांगतो, मांस जरूर सोडा, माळेचा नियम नीट पाळा. पण कोणी प्रेमाने तुमच्यासाठी वेगळी चूल मांडली, तर तिथे बसा आणि पोटभर जेवा.