कंदीलपुष्प: चिरून ओळखावे की न ओळखता सोडावे?

कंदीलपुष्प, अर्थात खर्चुडीच्या एका जातीपासून दुसरी वेगळी काढणे केवळ पानांवरून क्वचितच साधते. शास्त्रात ही प्रजाती सेरोपेजिया नावाने ओळखली जाते. १७५३ मध्ये लिनियसने हे नाव रूढ केले. सह्याद्रीतल्या बहुतेक जातींचा कंद पावसाबरोबर फुटतो, पावसाळ्यात फुले येतात आणि पुढे जमिनीवरचा भाग वाळून जातो. फुलाच्या तळाशी फुगवटा, त्यावर नळी आणि वर पाच पाकळ्या. बऱ्याच जातींत पाकळ्यांची टोके जुळून पिंजरा होतो. बारीक माश्या नळीतून आत उतरतात, खाली वळलेल्या केसांमुळे अडकतात आणि केस मलूल झाले की परागपुंज घेऊन सुटतात. जात ठरवणारी महत्त्वाची लक्षणे याच फुगवट्यात, पुंकेसरांभोवतीच्या इवल्याशा तोरणात असतात. ती पाहायची तर फूल उभे चिरावे लागते. दुर्मीळ वेलीचे फूल चिरावे का, हा पेच कोल्हापूरच्या एका शिक्षकाच्या आणि त्याच्या विद्यार्थिनीच्या संवादातून मांडता येतो.

विद्यार्थिनी: सर, फोटो पुरत नाही का? आता मोबाइलमध्येही लव न् लव दिसते.

शिक्षक: बाहेरची दिसते. तोरणाच्या पाळ्या सरळ आहेत की वाकलेल्या, त्यांच्या कडांना केस आहेत का, हे कुठल्या फोटोत येणार? अटेन्युएटा ही जात उभी वाढते, पाने अरुंद. ती एक वेळ लांबूनही कळेल. पण हिर्सुटा, ऑक्युलाटा, विन्सिफोलिया या तिघी वेली. फूल नसताना त्यांचे नाव छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेले बरे.

विद्यार्थिनी: आणि नाव नाहीच सांगितले तर? वेलीचे काय अडते?

शिक्षक: वेलीचे काही अडत नाही, तिच्या संरक्षणाचे अडते. कुठली जात किती ठिकाणी उरली हे ठाऊक नसेल, तर कोणता कडा राखायचा आणि कुठला रस्ता वळवायचा हे सांगणार कोण? ‘खर्चुडी भरपूर आहे’ एवढ्या एका वाक्यात दुर्मीळ जात सहज लपून जाते.

विद्यार्थिनी: पण तज्ज्ञांचेच कुठे एकमत असते? मॅककॅनने १९४५ मध्ये इव्हान्सी ही जात वर्णिली. ह्यूबरने मीडिया हा तिचाच एक उपप्रकार मानला. अन्सारींनी त्याच मीडियाला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. झाड तेच, कागदावर जागा बदलली. मग वेगळेपण झाडात आहे की बघणाऱ्याच्या डोळ्यात?

शिक्षक: फरक झाडात असतो. त्या फरकाला जात म्हणण्याइतके वजन द्यायचे की नाही, हे माणूस ठरवतो. पण ते मनाला येईल तसे ठरवत नाहीत. दोन्हींचे बी एकाच मातीत, शेजारी शेजारी वाढवायचे. उन्हा-पावसाने आलेला फरक असेल तर तो तिथे पुसट होईल. टिकला तर रक्तातला म्हणायचा. मग पाहायचे, की एकाच लक्षणावर भिस्त आहे की पान, पाकळी, तोरण सगळी एकच साक्ष देतात. आणि दोन्ही एकत्र उगवतात तिथे अधलेमधले नमुने सापडतात का, हे सर्वांत महत्त्वाचे. सापडत नसतील, तर सीमा झाडांनीच राखली आहे.

विद्यार्थिनी: प्रजातीची सीमा तरी कुठे राखली गेली? ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जनुकीय पुराव्यावरून ब्रॅकिस्टेल्मा आणि कॅरलुमासारख्या मांसल वनस्पतीही सेरोपेजियातच घातल्या.

शिक्षक: घातल्या, आणि सगळ्यांनी ते मानलेले नाही. कपाटावरची पाटी बदलेल. आतल्या कागदावर चिकटवलेले झाड तेच राहील. नमुना ठेवायचा तो यासाठीच. उद्या तुला माझे म्हणणे खोडायचे झाले, तर मी पाहिलेले झाड तुझ्या हाती यायला हवे. १९५८ पासून नव्या जातीचे नाव प्रसिद्ध करताना ते ज्यावर बेतले तो मूळ नमुना सांगणे आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीचे केले आहे. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला सेरोपेजिया शिवरायीना हे नाव मिळाले, तेही असल्या पुराव्यावरच.

विद्यार्थिनी: आणि नाव झाले की गर्दी. गुराखी कंद खातात हे तरी समजू शकते. पण फोटोसाठी कडा तुडवणारे आणि कुंडीत लावायला कंद उपटणारे नावाचा वास काढतच येतात. म्हणजे ओळखले नाही तर दुर्लक्षाने जाते आणि ओळखले तर कौतुकाने.

शिक्षक: या मुद्द्यावर तू बरोबर आहेस. म्हणून नाव छापावे. जागा मात्र तालुक्यापलीकडे सांगू नये. नेमके ठिकाण वन खात्याकडे आणि वनस्पती संग्रहालयाच्या नोंदीत असले म्हणजे झाले.

ओळखीसाठी संपूर्ण झाड उपटण्याची गरज नसते. फुलोऱ्यातले एक फूल मद्यार्कात ठेवले तर तोरणाचा आकार टिकतो. कागदात दाबलेल्या फुलात तो चेपून जातो. वेलीची चढण, पानाची लव, देठाची लांबी यांची नोंद आणि मोजपट्टीसह फोटो जागेवरच घेता येतात. कोल्हापूर जिल्ह्यातील नमुने ताडून पाहायला यादव आणि सरदेसाई यांचा २००२ चा जिल्हा वनस्पतिकोश आणि शिवाजी विद्यापीठातील वनस्पती संग्रह उपयोगी पडतो. मूळ नमुन्यासाठी फांदी लागते, पण ती वस्ती मोठी असेल तेव्हाच आणि परवानगीने घ्यावी. कंद जागचा हलवू नये. एकच वेल दिसली तर फूलही तोडू नये. वहीत ‘सेरोपेजिया, जात अनिश्चित’ असे लिहून पुढे जावे.