लावणीला कोण येणार?



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला पेरणाऱ्याचा दाखला सांगतो. पहिल्या वाचनात यशया संदेष्ट्याने देवाच्या शब्दाला पावसाची उपमा दिली आहे. पाऊस आपले काम केल्याशिवाय माघारी जात नाही, तसाच देवाचा शब्दही. ही दोन्ही वाचने ऐन जुलैत यावीत, हे आपल्याकडच्या माणसाला किती जवळचे! प्रभूच्या देशात पेरणी होते ती हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या पावसावर. आपल्याकडे मात्र आज बाहेर पाहिले की दाखला डोळ्यांसमोर उभा आहे.

या दाखल्यावर बोलताना आपण बहुधा काटेरी झुडपांवर थांबतो. संसाराची चिंता, पैशाचा मोह वगैरे. आज आम्हाला खडकाळ जमिनीबद्दल बोलायचे आहे. त्या जमिनीत पडलेले बी सर्वांत आधी उगवते. त्याचा आनंद खोटा नसतो. प्रभू त्या आनंदाला नावे ठेवत नाही. माती उथळ आहे, मूळ धरायला जागा नाही, एवढेच तो सांगतो.

हे आठवण्याचे कारण असे. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, ख्रिस्ती तरुणांमध्ये उन्हाळी मिशनची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. सुटीत दहा-पंधरा दिवस एखाद्या बेटावर जायचे. फिलिपाइन्स, हैती किंवा कॅरिबियन समुद्रातले एखादे बेट. तिथे शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना गाणी शिकवायची, प्रार्थनासभा घ्यायच्या आणि परत यायचे. आपल्यापैकी अनेकांची भाचरे-पुतणी परदेशी आहेत, त्यामुळे असे फोटो आपल्याही मोबाइलवर येतात. निळा समुद्र, नारळाची झाडे, मध्ये हसणारी मुले. यंदा आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने अशाच एका गटाबरोबर जाण्यासाठी आमच्याकडे शिफारसपत्र मागितले. पत्र आम्ही आनंदाने दिले. तरुण मुलाला सुटीत सहलीऐवजी देवाचे काम सुचावे, याबद्दल तक्रार करणारे आम्ही कोण? परंतु पत्र देताना त्याच्याशी जे बोललो, ते आपल्या सर्वांशी बोलावे असे वाटले.

त्याला आम्ही एका बेटाची आणि गोव्याच्या एका धर्मगुरूची हकिकत सांगितली. संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीत झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. त्या काळात श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डच लोकांची सत्ता आली होती. १६५८ साली त्यांनी जाफना घेतले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. हजारो भाविक मिस्सावाचून, पापनिवेदनावाचून राहिले. मुले मोठी होत होती आणि त्यांनी धर्मगुरू कसा असतो हेच पाहिले नव्हते. फादर वाझ यांनी हे ऐकले आणि तिकडे जायचे ठरवले. धर्मगुरूच्या झग्यात जाणे शक्य नव्हते. म्हणून १६८७ साली ते अंगावर मजुराचे कपडे घालून, जुवांव नावाच्या सोबत्याबरोबर जाफन्याला उतरले. उतरताच आजाराने गाठले. जे लोकांना द्यायला आले होते, त्यांना पहिले कित्येक दिवस अनोळखी लोकांच्या दयेवर काढावे लागले.

इथे जरा थांबू या. मिशनकार्याचा आरंभ देण्याने झाला नाही, घेण्याने झाला. प्रभूने शिष्यांना पाठवताना थैली नको, भाकर नको, असे का बजावले असेल, यावर सेमिनरीत आम्ही पुष्कळ वाद घातले. कोणी म्हणे वैराग्य, कोणी म्हणे देवावर भरवसा. दोन्ही बरोबरच आहेत. पण ज्याच्या हातात भाकर नाही त्याला समोरच्याच्या दारात उभे राहावे लागते आणि मग समोरचा माणूस यजमान होतो, हेही त्यात आहे. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसाला उपकारकर्त्याच्या तोऱ्यात वागता येत नाही.

बरे झाल्यावर फादर वाझ गळ्यात रोझरी घालून भिकाऱ्यासारखे दारोदार फिरले. ती रोझरी पाहून ज्याचा चेहरा बदलेल तो आपला, एवढीच खूण. अशी एकेक घरे सापडत गेली. रात्री मिस्सा, पहाट होण्याआधी पांगापांग. पुढे १६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून राजा विमलधर्मसूर्य यांच्या आज्ञेने त्यांना कैदेत टाकण्यात आले. त्या कैदेत ते सिंहली भाषा शिकले. १६९६ साली मोठा दुष्काळ पडला असता त्यांनी चव्हाट्यावर वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी आठवण तिथली ख्रिस्तसभा जपून आहे. त्यानंतरच्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. घरचे लोक आपल्या रोग्यांना टाकून पळत होते. फादर वाझ यांनी त्या रोग्यांना उचलून आणले, धुतले, खाऊ घातले. रोगी ख्रिस्ती की बौद्ध हे त्यांनी विचारले नाही. ज्या राजाने त्यांना कोंडले होते, त्याच्याच राज्यात त्यांना मोकळेपणे फिरता येऊ लागले ते अशा सेवेमुळे.

ते श्रीलंकेत चोवीस वर्षे राहिले. गोव्याला परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांना देवाज्ञा झाली. १९९५ साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादितांच्या मालिकेत घेतले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. पुण्याचेही कँडीशी एक नाते आहे. रामवाडीची पेपल सेमिनरी मूळची कँडीची. १८९३ साली ती तिथे स्थापन झाली आणि १९५५ साली पुण्यात आली. संत वाझ यांचा देह ज्या शहराच्या मातीत मिसळला, तिथून निघालेल्या घरात आज भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण धर्मगुरू होण्यासाठी शिकत आहेत.

आता दुसरे बेट. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर सुवार्ता सांगायला गेला आणि तेथील लोकांच्या हातून मारला गेला. आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी वाचली असेल. तो आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा नव्हता, पण प्रभूवर त्याचे प्रेम होते यात आम्हाला शंका नाही. धैर्यही होते. तरीही त्याची वाट आम्ही आपल्या मुलांपुढे ठेवणार नाही. त्या बेटावर जाण्यास १९५६ च्या नियमानुसार बंदी आहे आणि ती बंदी धर्माच्या द्वेषातून आलेली नाही. बाहेरच्या माणसाला साधी सर्दी झाली असली तरी तिथल्या लोकांच्या जिवावर बेतू शकते, कारण त्यांच्या शरीराला आपल्या रोगांची सवय नाही. शिवाय कोणी आपल्या किनाऱ्यावर येऊ नये, हे त्यांनी वारंवार स्पष्ट केले आहे. नको म्हणणाऱ्याचे नको ऐकणे हाही शेजारप्रीतीचाच भाग आहे. संत वाझही बंदी मोडूनच गेले होते, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप रास्त आहे. पण ती बंदी परक्या सत्तेने भाविकांवर लादलेली होती, आणि ज्यांच्याकडे ते गेले ते लोक धर्मगुरूच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते.

गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले. ते समस्या आणि रहस्य यांत फरक करत. समस्या माझ्यासमोर असते, मी बाहेर उभा राहून ती सोडवतो. रहस्यात मी स्वतःच गुंतलेला असतो, त्यामुळे बाहेर उभे राहायला जागाच नसते. दहा दिवसांसाठी जाणाऱ्याला गरीब माणूस समस्येसारखा दिसण्याची भीती असते. शाळेला रंग नाही, रंग दिला, सुटले. जास्त दिवस राहिले की कळते, त्या शाळेला मास्तरच नाही. आणखी राहिले की कळते, मास्तर आहे, पण मुले आईबापांबरोबर कामावर गेली आहेत. मग रंगाचा डबा हातात घेऊन आपण काय करत होतो, असा प्रश्न पडतो. तत्त्वज्ञानाचा धडा इथेच पुरे.

बेट दूर आहे, तिकीट महाग आहे. पानशेत आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. खडकवासला, खानापूर करत एसटी जाते. आपल्या नळाला येणारे पाणी खडकवासल्यातून येते आणि खडकवासल्यात ते पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येते. म्हणजे आपल्या चर्चमध्ये ज्या पाण्याने लेकरांचा बाप्तिस्मा होतो, त्यात आंबी नदीचे पाणी आहे. वडीलधाऱ्यांना पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ ची सकाळ आठवते. काम अपुरे असलेले धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले आणि पुण्यात घरांच्या वरपर्यंत पाणी चढले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूच्या गोण्या रचून धरण धरून ठेवले, म्हणून तो लोंढा रात्री न येता दिवसा आला आणि कितीतरी जीव वाचले. हे आपण दर जुलैत सांगतो आणि सांगायलाच हवे. पण पानशेतची आणखी एक बाजू आहे, ती आपण क्वचित सांगतो. त्या पाण्याखाली गावे आहेत. शेते, देवळे, विहिरी सोडून माणसे उठली, म्हणून आपल्याला नळ मिळाले. जी राहिली ती वर डोंगराच्या कुशीत राहिली.

गेल्या मे महिन्यात आपल्या युवा संघाची अकरा मुलेमुली धरणाच्या फुगवट्यावरच्या एका वाडीत सहा दिवस राहिली. जाताना त्यांनी बरीच तयारी केली होती. इंग्रजीचे तक्ते, आरोग्याची माहितीपत्रके, खेळांचे सामान. आम्ही त्यांना एकच अट घातली होती. आपण कोण हे लपवायचे नाही आणि धर्माचा विषय आपण होऊन काढायचा नाही. आजच्या दिवसांत खेड्यात ख्रिस्ती मुले आली की लोकांच्या मनात शंका येते. ती शंका भाषणाने जात नाही. कोणालाही आमिष दाखवून आपल्या वेदीपाशी आणणे हे प्रभूच्या मनात कधीच नव्हते, ख्रिस्तसभेचीही तशी शिकवण नाही.

पहिल्याच दिवशी तक्ते बाजूला राहिले. समोर एवढे मोठे धरण, पण मे महिन्यात पाणी खाली गेलेले आणि वाडी वर. बायका हंडे घेऊन चढ चढत होत्या. आपल्या मुलींनी हंडे डोक्यावर घेऊन पाहिले, दोन खेपांत मान अवघडली. मुलांनी राब भाजलेला पाहिला. भाताची रोपे करायची तो तुकडा पाऊस यायच्या आधी शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून भाजतात, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हते. भात मात्र सगळेच रोज खातात. वाडीतली तरुण मंडळी बहुतेक पुण्यात कामाला. घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले. सहा दिवस त्या लोकांनी आपल्या मुलांना जेवू घातले, झोपायला आपली जागा दिली. कोण कोणाकडे मिशनला गेले होते, कोण जाणे.

निघताना एका आजींनी विचारले, "पोरांनो, परत कधी येनार?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणी म्हणाले, "आजी, पुढच्या मेमध्ये." आजी म्हणाल्या, "मे महिन्यात आमच्याकडं काय काम? लावनीला या. तवा हात कमी पडत्यात."

बंधुभगिनींनो, दाखल्यातली खडकाळ जमीन कुठे आहे ते इथे दिसते. ती वाडीत नाही. त्या अकरा जणांचा आनंद खरा होता. परतल्यावर त्यांनी मिस्सानंतर सर्वांसमोर जे सांगितले ते ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांचे डोळे ओले झाले. पण आता जुलै आला आहे. कॉलेजे सुरू झाली, कोणाचे क्लास, कोणाची नवी नोकरी. गेल्या रविवारी आम्ही विचारले, तेव्हा चौघांनी हात वर केले. बाकीच्यांना आम्ही दोष देत नाही, त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पालकांनाही आमचे एक सांगणे आहे. मेमधल्या शिबिराला आपण मुलांना हौसेने पाठवले, नवे बूटही घेऊन दिले. चिखलात एक रविवार जायला निघालेल्या मुलाला मात्र परीक्षेची आठवण करून देऊ नका. जे मूल बेटावर जाणार आहे त्यालाही आम्ही हेच सांगितले आहे. तिथल्या ज्या घरात राहशील त्या घरातल्या माणसांची नावे लिहून आण, त्यांची चार वाक्ये त्यांच्या भाषेत शिकून ये आणि वर्षभर त्यांना पत्र लिही. जमले तर पुन्हा जा. न जमले तरी त्यांच्यासाठी रोज एक रोझरी म्हण. लिझ्यूची संत तेरेझा मठात गेली ती पुन्हा बाहेर पडली नाही आणि तरी १९२७ साली ख्रिस्तसभेने तिला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले.

लावणी पावसावर अवलंबून असते, त्यामुळे नक्की तारीख वाडीतून निरोप आल्यावर कळेल. बहुधा पुढचा रविवार. चौघे आहेत, आणखी सहा-सात हात हवेत. वयाची अट नाही. भातखाचरात पूर्वी काम केलेले आपल्या धर्मग्रामातले कोणी काका-मावशी असतील तर फारच उत्तम, कारण मुलांना रोप धरता येत नाही. सकाळच्या पहिल्या मिस्सानंतर लगेच निघू, स्वारगेटहून एसटीने. जेवण आपले आपण न्यायचे नाही, आजींनी तसे बजावून सांगितले आहे. जुने कपडे, रेनकोट आणि पायाला लावायला खोबरेल तेल एवढे जवळ असावे. नावे साक्रिस्तीत द्यावीत.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू